मोकळं अस्वल

स्वरदानं आजवर अस्वल पाहिलं ते लखनौच्या चौकात, मदाऱ्याच्या दोरीवर नाचणारं. तिला एकदा तरी मोकळं अस्वल बघायचं होतं. बाबांनी मारुती काढली, तीन दिवस तराईतली जंगलं पालथी घातली, पण अस्वल काही दिसेना. शेवटी एका वनरक्षकानं भल्या पहाटे त्यांची गाडी वारुळांपाशी नेली.

अस्वल आलं. वास घेत दोन पायांवर उभं राहिलं. स्वरदानं श्वास रोखला, आणि बाबांनी सवयीनं खिडकीतून रुपया फेकला! तो दगडावर खणकन वाजला, तसं अस्वल धूम पळालं.

"बाबा, चौकात आहोत का आपण?" स्वरदा किंचाळली.

वनरक्षकानं खाली उतरून नाणं उचललं. "साहब, सरकारी भालू है, पैसा नहीं लेता," म्हणाला आणि नाणं आपल्या खिशात टाकलं.