पंचेचाळीस वर्षांचा हात

ओहायोतल्या त्या छोट्याशा गावात चार जुलैच्या मिरवणुकीत पहिल्या गाडीचा मान यंदा अर्लच्या एकोणसत्तर सालच्या लाल गाडीला मिळाला होता. मिरवणूक निघायला तास उरला होता आणि गाडी नुसती खोकून खोकून बंद पडत होती. जुना कार्ब्युरेटर आठवडाभर पेट्रोल ओकत होता, म्हणून अर्लनं सकाळीच नवाकोरा बसवला, तरी हिचं रडगाणं चालूच! शेवटी त्यानं तणतणत दुकानदार रॉयला फोन लावला.

“कसला भंगार माल गळ्यात मारलास रे? सुरू होते न होते तोच जीव सोडते!”

“हवा मिळत नसेल, अर्ल. जुना काढल्यावर आत स्क्रू पडू नये म्हणून आपण इंजिनाच्या तोंडात फडकं कोंबतो बघ. ते काढलंस ना?”

“तू दुपट्यात होतास तेव्हापासून इंजिनं खोलतोय मी! पंचेचाळीस वर्षं! मला फडकी शिकवतोस? अर्ध्या तासात दुसरा कार्ब्युरेटर घेऊन ये, नाहीतर भर मिरवणुकीत तुझी शोभा करीन!”

रॉय बिचारा निघाला. अर्लनं फोन आपटला.



तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोची हाक आली, “अर्ल, ओव्हनच्या दांडीवरचा माझा नवा टॉवेल सकाळपासून दिसत नाहीये रे, तू नेलास का?”