भिंगरीच्या चांदण्या

“आजही भिंगरीलाच?”

“हो,” गुब्बू बूट काढत म्हणाला. “काल घड्याळाला मिळाली, आज पुस्तकाला.”

गुब्बूच्या आईने हातातली कात्री टेबलावर आपटली. तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, सगळ्या गल्लीत तिच्याइतका साफ हात कुणाचा नाही असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि तिसरीतल्या एका पोरीच्या वहीच्या पुठ्ठ्यांनी तिला हरवलं होतं!

तिसरीत ‘करून शिकू’ आठवडा चालू होता. रोज एक वस्तू करून न्यायची, ती वर्गासमोर समजावून सांगायची, आणि सगळ्यांत चांगल्या वस्तूला बाईंकडून सोनेरी कागदाची चांदणी. शनिवारी पालकांसमोर प्रदर्शन. ज्याच्या नावापुढे जास्त चांदण्या, त्याला कप. मुलांनी स्वतःच करायचं, असा नियम होता. पालकांच्या ग्रुपवर सगळ्या आयांनी तो हात जोडून मान्य केला आणि संध्याकाळी त्याच आया डिंकाच्या बाटल्या उघडून बसल्या.

“तिचं पुस्तक होतं तरी कसं?” आईने विचारलं.

“वाकडं. पण आतली गोष्ट छान होती. बाई हसून हसून बेजार.”

“आणि आपलं?”

“आपलं सरळ होतं.”

एवढं बोलून तो मजेत खेळायला पळाला. आईला त्याचाच राग आला. एवढी नामुष्की होते आणि पोराला काही म्हणजे काही वाटत नाही! अगदी बापावर गेलाय.

बुधवारसाठी कागदाचा पूल करायचा होता. आईने दुकान लवकर बंद करून तो केला. कडा अशा जुळवल्या, की शिवण वाटावी. गुब्बू जवळ येऊन म्हणाला, “आई, मधे घड्या घातल्या तर…”

“तू लुडबुड करू नकोस. जा, हात धुऊन ये.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दारातच गाठलं. “किती पुस्तकं पेलली?”

“आपल्याने तीन.”

“आणि भिंगरीच्याने?”

“चौदा.” गुब्बूने ओठ घट्ट मिटले.

“हसतोस काय रे?”

“नाही हसत.”

भिंगरीची आई बेकरीत कामाला होती. गुब्बूच्या आईला रोज दिसायची ती: पिठाने माखलेल्या बाह्या, कपाळावर घाम, जरा म्हणून उसंत नाही. दोघींनाही कामावरून निघायला उशीर व्हायचा, त्यामुळे दोघींची पोरं सुटल्यावर तासभर शाळेच्या वाचनालयात बसायची. सगळा दिवस भट्टीपुढे उभी राहणारी ही बाई पूल कधी करते आणि गोष्टी कधी लिहिते? गुब्बूच्या आईचा नुसता जळफळाट होत होता. पाव घ्यायला गेली तेव्हा तिने मुद्दाम विचारलं, “काय, मग? जागरणं चालली असतील तुमची?”

“कसली जागरणं, ताई? घरी जाते आणि आडवी होते.”

म्हणे आडवी होते! किती साळसूदपणा!

त्या रात्री जेवताना तिला उलगडा झाला. “वाकडं का असतं माहितेय? मुद्दाम करते ती! पोरीने केल्यासारखं दिसावं म्हणून. डाव्या हाताने करत असणार.”

गुब्बूचे बाबा म्हणाले, “तू कितवीत आहेस गं सध्या?”

“तुम्ही गप्प बसा.”

शुक्रवारसाठी आपल्या गल्लीचा नकाशा करायचा होता. आईने तो डाव्या हाताने केला. घरं तिरकी काढली, दोन ठिकाणी मुद्दाम शाई सांडली. काळजावर दगड ठेवून केलं तिने ते. चांदणी भिंगरीलाच मिळाली. तिच्या नकाशात प्रत्येक दारापुढे तिथलं कुत्रं किंवा मांजर होतं, आणि शिवणाच्या दुकानापुढे ‘इथे हळू बोला’ अशी पाटी होती.

ती पाटी आईने शनिवारी प्रदर्शनात स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आणि तिचं डोकंच फिरलं. माझ्या दुकानाची टिंगल? टेबलावर कप तयार होता. बाई भिंगरीचं नाव घेणार, इतक्यात ती पुढे झाली.

“बाई, माफ करा, पण हे चालणार नाही. हे त्या पोरीचं काम नाही. कुणीतरी करून देतंय तिला!”

दोघातिघा पालकांनी आपापल्या मुलांच्या वस्तूंकडे पाहून नजर वळवली.

भिंगरीची आई कावरीबावरी झाली. “अहो ताई, देवाशप्पथ, मी तर हे सगळं आज पहिल्यांदा बघतेय.”

“मग कोण करतं? विचारा ना पोरीला! बाकीच्या मुलांवर अन्याय नको.”

बाई भिंगरीजवळ खाली बसल्या. “खरं सांग हं. मी रागावणार नाही. हे तू केलंस?”

भिंगरीचा चेहरा रडवेला झाला. तिने मान हलवली. नाही.

“बघा!” गुब्बूची आई म्हणाली. एवढ्या दिवसांनी तिच्या जिवाला थंडावा मिळाला. “मी सांगत नव्हते?”

“मग कुणी केलं, बाळा?”

भिंगरीने हळूच बोट दाखवलं. सगळ्यांच्या माना वळल्या. गुब्बू खिशात हात घालून उभा होता.

“तू?” बाई म्हणाल्या. “हे सगळं?”

“हो. वाचनालयात बसून. समजावून मात्र तीच छान सांगते.”

“अरे, पण मग तिच्या नावावर कशाला दिलंस?”

गुब्बूने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“माझ्या नावावर आई भाग घेते ना.”