मापासाठी

भूगर्भशास्त्राच्या सरांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी त्यांनी चाळीस वर्षं काढलेले फोटो कॉलेजसाठी न्यायला आली. सरांच्या पत्नीने, काकूंनी, फोटोंचा खोकाच टेबलावर पालथा केला.

"ने बाई सगळे. माझा म्हणावा असा एकही नाही त्यात. मागे काय लिहिलंय बघ. काळा पाषाण, चुनखडी, वालुकाश्म, संगमरवर! लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं, तिथेही तेच. म्हणे, त्या कड्याजवळ उभी राहा, दगड केवढा आहे ते कळायला काहीतरी माप लागतं. मी आपली जन्मभर यांची फूटपट्टी!"

विद्यार्थिनी खो खो हसली. मग एकेक फोटो निरखता निरखता तिचं हसू विरत गेलं.

"काकू, मापासाठी आम्ही दगडाजवळ हातोडी ठेवतो. सरांनीच शिकवलंय ते. आणि ही बघा, प्रत्येक फोटोत ती ठेवलेली आहेच."

"मग मला कशाला उन्हात उभं करायचे?"

काकूंनी चष्मा पुसून एक फोटो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला.

"अहो, मग तेव्हाच तोंडाने सांगायला काय झालं होतं?" असं म्हणून त्या घाईघाईने सगळा ढीग चाळायला लागल्या. पण फोटो सगळे सरांनीच काढलेले. ते स्वतः एकातही नव्हते.