आमच्याकडेही हेच

"पुन्हा अडकलं!" तो खोलीतून ओरडला. बाहेर मुलीने पत्ते पिसायला घेतले.

तो प्रोग्रामर, घरूनच काम करायचा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो कोड लिहायचा ते फाइल सेव्ह करताना हमखास रुसून बसायचं. पडद्यावर नुसती चकती फिरत राहायची. मग हा पाय आपटत बाहेर यायचा, मुलीबरोबर एक डाव खेळायचा, आईच्या गुडघ्याचं रामायण ऐकायचा, बायकोबरोबर उभ्याउभ्या चहा घ्यायचा. सगळा वेळ त्या सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडणं चालूच.

"त्या कंपनीला कळव ना," आई म्हणाली.

"कळवलंय गं. पण त्यांच्या साइटवर ज्या तक्रारीला जास्त मतं, ती आधी दुरुस्त होते. माझ्या तक्रारीला एकच मत आहे. माझं."

"म्हणजे डिपॉझिट जप्त," बायको म्हणाली.

"हस तू. हे एकदा नीट झालं ना, की सहाच्या ठोक्याला लॅपटॉप बंद. मग मी तुमचाच."

मुलीने पत्ते खाली ठेवले. "बाबा, शप्पथ?"

"शप्पथ."

मग काय, अख्खं घर प्रचाराला लागलं. त्याने तिघींची खाती उघडून दिली आणि मास्तरकीही केली. "तक्रार लिहायची तर तीनच गोष्टी. काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कुठल्याही भाषेत चालतं, पण रडगाणं नको. दुसऱ्याची तक्रार पटली तर मत द्यायचं आणि खाली लिहायचं, 'आमच्याकडेही हेच.'"

"पण माझ्याकडे कुठे काय अडकतंय?" आईने विचारलं.

"तुझ्याच घरात अडकतंय ना?"

"तेही खरंच," म्हणत आईने बटण दाबलं.

जुन्या सहकाऱ्यांच्याही तो खनपटीला बसला. थेंबे थेंबे तळे साचलं. तक्रार वर सरकत सरकत पहिल्या नंबरावर गेली आणि एका दुपारी नवी आवृत्ती आली. त्याने श्वास रोखून फाइल सेव्ह केली. चुटकीसरशी झाली!

"जिंकलो!" त्याने मुलीला उचलून गरगर फिरवलं. "बघितलंस? चार माणसांनी मनावर घेतलं की काय वाटेल ते होतं."

काम सपासप उरकायला लागलं. साहेब खूश झाले आणि त्यांनी आणखी एक प्रोजेक्ट दिलं, मग आणखी एक. साहेबांना नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं, आणि आता तर सबबही उरली नव्हती. सहा वाजायचे, आठ वाजायचे. दाराआडून एकच उत्तर यायचं, "आलोच."

काही आठवड्यांनी, कॉलर ताठ करून, त्याने सहज ती साइट उघडली. पहिल्या नंबरावर आता नवी तक्रार होती. 'नवी आवृत्ती आल्यापासून प्रतिसाद मिळत नाही.' मतं त्याच्या तक्रारीपेक्षाही जास्त.

"बिचारा कोण आहे कोण जाणे," तो पुटपुटला. आपल्याला लोकांनी मदत केली, आपणही करावी. त्याने आधी मत दिलं, मग तक्रार उघडली.

'काय करत होते: खोलीचं दार वाजवत होते.

काय व्हायला हवं होतं: बाबा बाहेर यायला हवा होता.

काय झालं: "आलोच" म्हणाला.

कृपया पूर्वीसारखं अडकू द्या.'

खाली आईने लिहिलं होतं, 'आमच्याकडेही हेच.' त्याखाली बायकोने. आणि त्याखाली, पान संपेपर्यंत, अनोळखी नावांनी तेच.