बाबल मेस्त्रीचा खांदा

नाटकातली सून दार धाडकन आपटून गेली. प्रेक्षकांत बसलेल्या बाबल मेस्त्रीनं श्वास रोखला. त्यानं उभारलेली कापडी भिंत अशा वेळी हमखास थरथरायची आणि लोक हसायचे. सगुण मेस्त्रीची ही भिंत मात्र जागची हलली नाही. बाबलचा नुसता जळफळाट झाला.

न राहवून तो विंगेतून मागे शिरला. पाहतो तर भिंतीला पाठ लावून, पाय रोवून सगुण घामाघूम उभा!

“हीच होय रे तुझी कारागिरी?” बाबल कुजबुजला.

“नंतर हस. आता सासरा दार आपटणार, त्याचा हात जड आहे. खांदा लाव!”

बाबलनं नकळत खांदा लावला. दार आदळलं. भिंत ढिम्म.

पडदा पडल्यावर निर्मात्यांनी सगुणची पाठ थोपटली. “भिंत उभारावी तर तुम्हीच!”

बाबल शेजारी खांदा चोळत उभा होता.