सुखनेची ओटी

वल्लरीच्या आईनं पाण्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि खणावर नारळ ठेवून ती तांदळाची ओंजळ भरणार, तेवढ्यात वरून शिट्टी वाजली.

"ओ माताजी! पानी में कुछ नहीं डालना!" बांधावरचा रखवालदार काठी आपटत पायऱ्या उतरू लागला.

रविवारची सकाळ. सुखना तलावावर निम्मं चंदीगड फिरायला लोटलं होतं. वल्लरी चार पायऱ्या वर उभी राहून घड्याळ बघत होती. ही नदी नाही, तलाव आहे, असं तिनं आईला परोपरीनं सांगून पाहिलं होतं. पण डोंगरातून उतरणारा सुखना नावाचा ओढा होता आणि शहर वसवताना तो बांध घालून अडवला, हेही तिच्याच तोंडून निघून गेलं.

"मग झाली की नदीच," आई म्हणाली. ती वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. "पुढं जाऊ दिलं नाही, म्हणून तिची ओटीसुद्धा भरायची नाही होय गं?"

लेक राहते त्या गावच्या नदीची ओटी भरायची, ही त्यांच्या घरची रीत. थोरलीसाठी नाशकात गोदावरीची भरून झाली होती. वल्लरीची राहिली होती.

रखवालदार खाली पोचला, आणि त्याच वेळी वल्लरीला बांधावरून डॉक्टर ग्रेवाल येताना दिसले. तिचे विभागप्रमुख. तिची नेमणूक कायम करायची की नाही, हे परवाच्या मुलाखतीत तेच ठरवणार होते. गेल्या आठवड्यात वॉर्डात एका पेशंटच्या उशाखाली लिंबू-मिरची सापडली, तेव्हा ते म्हणाले होते, "यार, दुनिया मंगल पे पहुँच गई, ये लोग अभी नींबू में अटके हैं." सगळ्यांत मोठ्यानं वल्लरी हसली होती.

ती पायऱ्या चढून पेप्सीच्या छत्रीपाशी गेली.

"किसके साथ आई हो? कौन है साथ में?" रखवालदार विचारत होता.

आईनं वर पाहिलं. वल्लरीकडे, मग तिच्या दिशेनं येणाऱ्या ट्रॅकसुटातल्या त्या साहेबाकडे, आणि पुन्हा वल्लरीकडे. वल्लरी पॅडलबोटी बघत होती.

"कोई नहीं," आई म्हणाली. "अकेली."

"अरे, डॉक्टर साहिबा!" ग्रेवाल थांबले. खाली बघून म्हणाले, "ये माताजी तो तुम्हारी तरफ की लगती हैं. जाओ, समझा दो ज़रा. बेचारी घबरा गई हैं."

वल्लरी खाली उतरली. ग्रेवाल मागोमाग आले.

"मावशी," ती म्हणाली, "इथं पाण्यात काही सोडायला बंदी आहे." आवाज वॉर्डातला होता.

आईनं नारळ उचलला. पायरीवरचं लागलेलं पाणी पदरानं टिपलं.

"बरं बाई," ती म्हणाली. "चुकलं म्हणावं त्यांना."

"छड यार, जाने दे," ग्रेवालांनी रखवालदाराला वाटेला लावलं. मग ते वाकले आणि त्यांनी आईच्या पायांना हात लावला. "पैरी पैना, माताजी." वल्लरीनं त्यांना कुणासमोर वाकताना पाहिलं नव्हतं. "मेरी बीजी, मेरी माँ भी नहर पे दीया रखती थीं," ते वल्लरीला म्हणाले. "मैं चिढ़ता था. पूछो तो, किसके लिए करती हैं?"

वल्लरीनं विचारलं.

"लेकीसाठी," आई खण घडी करत म्हणाली. "मी कुठं जन्माला पुरणार आहे? नदी असते. एकटी आहे माझी पोर, तिच्यावर लक्ष ठेव, एवढंच सांगायचं होतं."

"क्या कह रही हैं?"

वल्लरी रोज शंभर पेशंटांशी हिंदीत, पंजाबीत बोलायची. तिनं तोंड उघडलं. ग्रेवाल कान देऊन उभे होते.

"कुछ नहीं, साहेब," आईच मधे बोलली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "ये लडकी अच्छी है. बहुत अच्छी है."

तिनं पिशवी खांद्याला लावली, दोघांनाही नमस्कार केला आणि पायऱ्या चढून बांधावरच्या गर्दीत शिरली.

"अच्छा, परसों के लिए तैयारी कैसी है?" ग्रेवालांनी विचारलं.

"ठीक है, सर," वल्लरी म्हणाली.

आई मागं वळून न बघता झपझप चालली होती. घर उलट्या दिशेला होतं.