टीपकागदावरचा थेंब

शाईच्या बाटलीचं गळकं झाकण सुधारण्यात मी आठ महिने घालवले, तरी ते गळतच राहिलं. शेवटी साहेबांनी तो प्रश्न इंटरनेटवर टाकला. "चार हजार डोकी कामाला लागली आणि बक्षीस मात्र एकालाच द्यायचं!" ते खुशीत म्हणाले. जिंकला एक शिंपी. झाकणात मेण चोळलेल्या दोऱ्याचा वेढा बसवा, एवढंच त्याचं उत्तर. खाली लिहिलं होतं, "उशीर झाला, माफ करा. सकाळी दुकानात गर्दी होती." ते वाचून माझा जळफळाट झाला. त्याच्या झाकणाची बाटली मी टीपकागदावर उलटी टांगली आणि एका थेंबाची वाट पाहिली. चोवीस तासांनीही कागद कोरडाच. मी शाईत बोट बुडवून कागदावर झटकलं. तेवढ्यात साहेब आले. "काय शास्त्रज्ञ, शिंप्याचंही गळलं?" मी निळं बोट मुठीत लपवलं. "नाही साहेब," म्हणालो आणि मूठ उघडली.